नाक्यावरच्या कामगारांनो, आधी ९० दिवसांचा कागद! बांधकाम कामगार नोंदणी पहिल्यापासून शेवटपर्यंत

सकाळी साडेसातला आमच्या मजूर नाक्यावर कधी येऊन बघा. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी सगळे रस्त्याच्या एका बाजूला, पिशवीतून थापीची मूठ बाहेर आलेली, आणि बिगारी कामाच्या बायका पलीकडे दुकानाच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. मी गेली काही वर्षं रविवारी तिथल्या चहाच्या टपरीवर बसून लोकांचे बांधकाम कामगार मंडळाचे फॉर्म भरून देतो, फुकट, वडील गवंडी होते म्हणून म्हणा हवं तर. कोणालाही विचारा की बांधकाम कामगाराचं कार्ड काढलंय का, उत्तर ठरलेलं, "ते भांडी मिळतात ते ना? एजंट दोन हजार मागतोय."

तर हे सगळं त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरात जो मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर फॉर्म भरू शकते त्यांच्यासाठी लिहितोय. लांब आहे, पण घाई करून अर्धवट भरलेला फॉर्म परत येतो तेव्हा एक रोज बुडवून चकरा माराव्या लागतात, त्यापेक्षा एकदा नीट वाचा.

हे मंडळ आहे काय, आणि पैसा कुणाचा

पूर्ण नाव महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. १९९६ साली केंद्राचे दोन कायदे आले, एक बांधकाम कामगारांच्या नोकरीच्या अटींचा आणि दुसरा उपकराचा. कोणतंही मोठं बांधकाम निघालं की त्याच्या खर्चाच्या एक टक्का रक्कम उपकर म्हणून कापली जाते, ती या मंडळाकडे जाते, आणि तिथून नोंदणी केलेल्या कामगाराला मदत मिळते. म्हणजे हे कुणी दान करत नाहीये, समोरच्या टॉवरच्या हिशेबातूनच तुमच्या नावाने काढून ठेवलेला पैसा आहे तो. महाराष्ट्रात नियम २००७ ला झाले आणि मंडळ १ मे २०११ ला उभं राहिलं. देशभरात हा पैसा कसा पडून राहिला यावर मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारांना चांगलंच सुनावलं होतं, काही ठिकाणी तर याच पैशातून कामगारांसाठी लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचं त्या केसमध्ये पुढे आलं. झोपडीत पाण्याचा नळ नाही आणि वॉशिंग मशीन!

हल्ली रोज कोणीतरी विचारतं की नवीन लेबर कोड (केंद्राचे नवे कामगार कायदे) आले मग आपलं कार्ड रद्द झालं का. नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कोड लागू झाले, जुना १९९६ चा कायदा त्यांत सामावला गेला, पण आपल्या कामाची अट तीच राहिली, वय १८ पूर्ण आणि ६० च्या आत, आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं.

बांधकाम म्हणजे फक्त बिल्डिंग नाही हं. रस्ता, पूल, धरण, कालवा, पाइपलाइन, बोगदा, रेल्वे, विजेची लाइन, मोबाईलचा टॉवर, हे सगळं त्यात येतं. रंगकाम, फरशी, वायरिंग, प्लंबिंग, सळई बांधणं, खोदाई, तेही.

पहिली पायरी: ९० दिवसांचा कागद

खरी लढाई इथेच आहे. बाकीचे कागद म्हणजे आधार, पासबुक, फोटो, ते सगळ्यांकडे असतात. पण ९० दिवस काम केल्याचं लिहून कोण देणार? कंपनीच्या कामगाराला एक मालक असतो, नाक्यावरच्या माणसाला ९० दिवसांत तीस मालक होतात. सोमवारी एका बंगल्याचं प्लास्टर, मंगळवारी दुसऱ्याच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बुधवारी खाडा. आणि यातला कोणीही कागदावर सही करायला तयार नसतो.

सही देऊ शकणारे साधारण तीन. एक म्हणजे ठेकेदार किंवा बिल्डर ज्याच्याकडे तुम्ही काम केलं, दुसरा गावाकडे ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), आणि तिसरा शहरात महापालिका किंवा नगरपालिकेचा त्यासाठी नेमलेला अधिकारी. तिघांसाठी दाखल्याचा नमुना वेगवेगळा असतो, तो मंडळाच्या वेबसाइटवरून किंवा कामगार सुविधा केंद्रावरून घ्या. ठेकेदाराचा नमुना घेऊन ग्रामपंचायतीत गेलात तर तसेच परत याल, आमच्याकडे हे दर रविवारी होतं.

ठेकेदार का कू करतो त्याचं कारण समजून घ्या म्हणजे बोलणं सोपं जातं. त्याला भीती असते की लिहून दिलं की हा माणूस आपला कायमचा कामगार ठरेल, उद्या पीएफ मागेल नाहीतर उपकर भरला का म्हणून चौकशी येईल. त्याला सांगायचं, शेठ, यात फक्त या तारखेपासून या तारखेपर्यंत अमुक साइटवर काम केलं एवढंच आहे. मोठा ठेकेदार ऐकत नसेल तर ज्या मुकादमाने तुम्हाला नेलं त्याला मध्ये घाला, मुकादमाला पुढच्या स्लॅबला तुम्हीच लागणार असता, त्याचा शब्द चालतो.

ग्रामसेवकांचंही ऐकून घ्या. त्यांनी या दाखल्यांना विरोध केला होता आणि ते अगदीच चूक नव्हते, कारण माणूस गावातून निघून पुण्यात काम करतो, त्याने तिथे ९० दिवस भरले की नाही हे गावात बसलेल्या माणसाने कशावरून लिहायचं, आणि उद्या बोगस निघाला तर नोकरी कुणाची जाणार? म्हणून त्यांच्याकडे नुसतं तोंड घेऊन जाऊ नका, पुरावा न्या.

आता पुरावा कसा, तर एका मावशींचं सांगतो. पंधरा-सोळा वर्षं घमेली उचलतायत, शाळा दुसरीपर्यंत. दाखल्यासाठी त्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आल्या, खिळ्याच्या भोकासकट. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेनाने खूण, पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला छोटी रेघ, खाड्याला गोल, आणि जिथे मुकादम बदलला तिथे त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. उचल घेतली ती मागच्या पानावर. ठेकेदाराच्या माणसाने आधी हात झटकले होते, पण ते कॅलेंडर समोर ठेवल्यावर आणि त्याच्या स्वतःच्या वहीतल्या हजेरीशी चार तारखा जुळल्यावर त्याने गपचूप सही केली. कॅलेंडर हा काही सरकारी पुरावा नाही, ते अर्जाला जोडायचं नाही, पण सही मिळवायला त्याच्यासारखं हत्यार नाही. आजपासून खुणा करायला लागा. मोबाईल असेल तर साइटवर रोज एक फोटो, मुकादमाचे "उद्या ये" वाले मेसेज डिलीट करू नका, आणि मजुरी फोन पे ने आली असेल तर उत्तमच, तारीख आपोआप राहते.

एकाच ठेकेदाराकडे सलग ९० भरलेले नसले तरी घाबरू नका, अट १२ महिन्यांत मिळून ९० ची आहे, सलगची नाही. जितके दिवस ज्याच्याकडे केले तितके त्याच्याकडून लिहून घ्यायचे, आणि असे दोन दाखले झाले तर ते कसे जोडायचे हे केंद्रावर आधी विचारून घ्या.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून एवढं तपासा: तुमचं नाव आधारवर आहे तसंच आहे का, कामाचं ठिकाण आणि प्रकार लिहिलाय का, पासून आणि पर्यंत दोन्ही तारखा आहेत का आणि त्यांच्यात ९० दिवस बसतात का, जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. जावक क्रमांक विसरला म्हणून परत आलेले फॉर्म मी मोजायचं सोडून दिलंय.

आणि खोटा दाखला घेऊ नका. एजंट सांगतो की मी कुठल्यातरी ठेकेदाराचा शिक्का मारून देतो, पण तपासणी झाली की तो ठेकेदार म्हणतो मी या माणसाला ओळखत नाही, कार्ड जातं आणि गुन्हा दाखल व्हायची वेळ आली तर नाव तुमचं असतं, एजंट गायब. बांधकामावर पाय न ठेवलेल्यांनी कार्डं काढली म्हणूनच तर तपासणी कडक झाली आणि त्याचा फटका खऱ्या कामगाराला बसतोय.

बाकीचे कागद, आणि नावाची भानगड

आधार कार्ड, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुकचं पहिलं पान, पासपोर्ट साइज फोटो, स्वयंघोषणापत्र. फॉर्म भरायच्या आधी सगळे टेबलावर एका रांगेत ठेवा आणि नाव वाचा. आधारवर वडिलांचं नाव, पासबुकवर नवऱ्याचं नाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच आडनाव, बायकांच्या बाबतीत हे नेहमीचं. आपल्याकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारी, कारण आधार काढताना तारीख माहीत नव्हती तेव्हा ऑपरेटरने तीच टाकली, आणि मग शाळेच्या दाखल्याशी ती जुळत नाही. हे आधी आधार केंद्रात दुरुस्त करून घ्या, मगच अर्ज. आणि बँकेत जाऊन खात्याला आधार लिंक आहे का हे विचारा, पैसे थेट खात्यात येतात आणि लिंक नसेल तर मंजूर होऊनही अडकतात.

मोबाईल नंबर स्वतःचा. हे मोठ्याने सांगतो. ओटीपी त्याच नंबरवर येतो, पुढची प्रत्येक गोष्ट त्या नंबरवर. एजंट फॉर्म भरताना हळूच स्वतःचा नंबर टाकतो आणि मग तुमचं कार्ड कायमचं त्याच्या खिशात, रिन्यू करायचं त्याच्याकडे जा, मुलाच्या शिष्यवृत्तीला त्याच्याकडे जा, दरवेळी पाचशे. आमच्याकडे एका सेंट्रिंगवाल्याला दोन वर्षांनी कळलं की त्याच्या अर्जावर भलत्याच माणसाचा नंबर आहे. आणि ज्यांचं सिम दर सहा महिन्यांनी बदलतं त्यांनी घरात एक नंबर कायमचा ठेवा, बायकोचा असेल तर जास्त बरं, ती तो बंद पडू देत नाही.

फॉर्म भरणे

मंडळाच्या साइटवर आधार आणि मोबाईल नंबर टाकून ओटीपीने आत जायचं, माहिती भरायची, कागद स्कॅन करून अपलोड. नाहीतर तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रावर जा, ओरिजिनल कागद दाखवायला आणि बोटांचे ठसे द्यायला तसंही जावं लागतं. सिमेंटने बोटं घासलेली असतात, ठसे उमटत नाहीत, तर आदल्या रात्री खोबरेल तेल चोळून झोपा आणि सकाळी धुवून जा, हसू नका, उपयोग होतो. सरकारी फी नावापुरती, त्यात दोन कप चहा येणार नाही, तेव्हा कोणी हजार-दोन हजार मागितले तर समजून जा.

कामाचा प्रकार विचारतात तिथे थांबा. बायकांच्या फॉर्मवर विचार न करता "बिगारी" टाकतात. अहो, ती बाई दहा वर्षं फरशीचे सांधे भरते, पॉलिशला हात लावते, मग फरशीकाम टाका ना. कुटुंबाची माहितीही पूर्ण भरा, पहिली दोन मुलं आणि वारस, मुलांच्या शिक्षणाची मदत पुढे याच्यावर चालते. वारस रिकामा सोडू नका.

शेवटी जो अर्ज क्रमांक येतो त्याचा फोटो काढून तीन जणांना पाठवून ठेवा.

ई-श्रम कार्ड आहे म्हणून हे लागत नाही असं काहींना वाटतं. ते वेगळं, ते केंद्राचं, ऑगस्ट २०२१ पासूनचं, सगळ्या असंघटित कामगारांसाठी, मग तो रिक्षावाला असो की घरकाम करणारी. ते जरूर असू द्या, पण मंडळाच्या योजना त्यावर मिळत नाहीत. परराज्यातून आलेल्यांनाही, म्हणजे आमच्या नाक्यावर कलबुर्गी-विजयपूरकडचे बंजारा आहेत, बिहारचे आहेत, त्यांनाही इथे काम केलं असेल तर इथे नोंद करता येते, फक्त दोन राज्यांत एकाच वेळी नको.

मिळतं काय

भांड्यांचा संच आणि सुरक्षा किट यांचीच चर्चा, आणि त्याच दिवशी सगळ्यात मोठी रांग. खरा पैसा दुसरीकडे आहे. मुलं पहिली ते सातवी असतील तर वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,०००, शाळेच्या ७५ टक्के हजेरीचा दाखला लागतो, पुढे पदवीला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,०००, मेडिकलला १ लाख दरवर्षी. बाळंतपणाला नॉर्मल असेल तर १५,००० आणि सिझेरियनला २०,०००. कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख, विधवेला किंवा विधुराला वर्षाला २४,००० पाच वर्षं. आणि २०२५ मध्ये निवृत्तीवेतनाचा निर्णय झाला, साठीनंतर, नोंदणी १० वर्षं असेल तर वर्षाला ६,०००, १५ वर्षांना ९,०००, २० वर्षांना १२,०००. महिन्याला हजार रुपये म्हणजे काही फार नाही, पण साठीत पाठ गेलेल्या गवंड्याला औषधाचे तरी निघतात.

शिवाय ट्रेनिंग. अनुभवाच्या जोरावर काम येतं पण कागद नाही अशांसाठी आरपीएल नावाचा प्रकार आहे, पूर्वीचं शिक्षण मान्य करणं, त्यात थोडे दिवस शिकवतात, काम करून दाखवायला लावतात आणि सर्टिफिकेट देतात. नाक्यावरचा ठेकेदार सर्टिफिकेट बघून रोज वाढवत नाही, हे आधीच सांगतो. पण मोठ्या कंपनीच्या साइटवर किंवा गल्फला जायचं असेल तर ते उपयोगी पडतं. बायकांनी तर जरूर जावं, थापी आणि ओळंबा हातात द्यायला नाक्यावर कोणी तयार नसतं, तिथे निदान रीतसर देतात. तरी परत आल्यावर काम बिगारीचंच मिळालं असं दोघी-तिघींनी सांगितलंय, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही, ठेकेदाराची खोपडी बदलणारा फॉर्म अजून निघालेला नाही.

रिन्यू, रिन्यू, रिन्यू

कार्ड एका वर्षाचं. दरवर्षी रिन्यूला पुन्हा ९० दिवसांचा दाखला, म्हणजे ती कॅलेंडरवरची खूण एका वर्षासाठी नाही, जोवर काम तोवर. लोक भांडी मिळाली की कार्ड ट्रंकेत टाकतात. आणि मग एक दिवस परांची कोसळते (नाक्याबाहेरच्यांसाठी, परांची म्हणजे प्लास्टरसाठी बांधलेली बांबूची पायाडं), माणूस जातो, आणि घरचे कार्ड काढून बघतात तर मुदत आठ महिन्यांपूर्वी संपलेली. असं झालेलं मी बघितलंय. जुन्या कायद्यात सोय अशी होती की वर्गणी सलग वर्षभर भरली नाही तर लाभार्थी राहत नाही, पण कारण पटण्यासारखं असेल तर नाव पुन्हा चालू करता येतं, म्हणून उशीर झाला असेल तर कारण लिहून, आजारपणाचे कागद जोडून अर्ज कराच, घरी बसू नका. मुदत संपायच्या दोन महिने आधी दाखल्याच्या मागे लागा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की कामं अडकतात, तेही हिशेबात धरा.

अडलं तर

फॉर्म परत आला तर त्रुटी काय ते लेखी किंवा स्क्रीनवर बघा, "साहेब म्हणाले नाही होत" हे उत्तर नाही. नोंदणी नाकारली तर निर्णय लेखी मागा आणि लगेच अपील करा, जुन्या कायद्यात त्याला ३० दिवसांची मुदत होती. काहीच हालत नसेल तर माहिती अधिकारात विचारा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. प्रश्न एका ओळीत: माझा अमुक क्रमांकाचा अर्ज आज कुठल्या टेबलावर आहे आणि किती दिवसांपासून. एका ऑफिसात चार महिने न सापडलेला अर्ज असा कागद गेल्यावर आठवड्यात सापडला होता, मी नाव घेत नाही.

अपघाताचं वेगळं सांगतो कारण तिथे डोकं चालत नाही. ठेकेदार हॉस्पिटलच्या दारात म्हणतो, खर्चपाणी मी बघतो, पोलिसात जाऊ नका. जा. पोलिसांची नोंद, पंचनामा, हॉस्पिटलचे कागद, मृत्यू असेल तर पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, यातलं एक नसलं तर मंडळाचे ५ लाख लटकतात. आणि मंडळाचे पैसे वेगळे, ठेकेदाराने द्यायची नुकसानभरपाई वेगळी, एक मिळाली म्हणून दुसरी सुटत नाही. कोऱ्या कागदावर किंवा "सगळं मिटलं" लिहिलेल्या स्टॅम्पपेपरवर अंगठा द्यायचा नाही, बाराव्यापर्यंत तर नाहीच. सोबत अपघाताच्या दिवशी साइटवर असलेल्या दोघांची नावं आणि नंबर त्याच संध्याकाळी वहीत लिहून घ्या, कारण आठवड्याभरात ते दुसऱ्या गावच्या साइटवर गेलेले असतात आणि मुकादम म्हणतो, कोण हो ते, मला नाही आठवत.